कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय, पुढचं काम कुठून आणता? (फ्रीलान्स प्रोजेक्ट मॅनेजर)

चाकण_पीएम

नमस्कार मंडळी. मी पुण्यात फ्रीलान्स प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून काम करते, मुख्यतः एसएपी (कंपनीचा हिशोब, स्टॉक, उत्पादन सगळं चालवणारं सॉफ्टवेअर), त्यातही मॅन्युफॅक्चरिंगवाल्या कंपन्या. सध्या चाकणला एका ऑटो कंपोनंट कंपनीचं एस फोर हानाचं (एसएपीची नवी आवृत्ती) काम चालू आहे, गो-लाइव्ह झालं म्हणजे नवी सिस्टीम सुरू झाली, आता हायपरकेअर (सुरुवातीच्या अडचणी निस्तरायचा काळ) चालूय आणि जूनअखेर माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. एक्स्टेंशनचं विचारलं तर "बजेट आलं की सांगतो" एवढंच उत्तर. आत्तापर्यंतची कामं एकाच व्हेंडरकडून (आपल्याला क्लायंटकडे कामाला लावणारी मधली कंपनी) यायची, एक संपायच्या आत ते दुसरं आणून द्यायचे त्यामुळे शोधायची वेळच आली नाही, आता तेच म्हणतात आमच्याकडे सध्या काही नाही. नौकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर अर्ज टाकतेय पण फोन येतात ते एकतर पर्मनंटसाठी नाहीतर व्हेंडरच्या पेरोलवर या म्हणून, आणि ते जो रेट सांगतात त्यावर बोलणं पुढेच जात नाही. मला परत नोकरीत जायचं नाहीये, हे काम मनापासून आवडतं. तर जे बरीच वर्षं असं काम करतायत ते पुढचं कॉन्ट्रॅक्ट नेमकं मिळवतात कसं? लिंक्डइनवर तो ओपन टू वर्कचा हिरवा पट्टा लावावा का? परदेशातले क्लायंट थेट मिळतात का? पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट) आहे. जरा सविस्तर सांगा प्लीज.

कटओव्हर_काका

ताई, हायपरकेअर चालू असतानाच विचारलंत हे फार बरं केलंत. यापेक्षा चांगली वेळ नाही. गो-लाइव्हनंतरच्या आठवड्यात ई-वे बिल निघत नाही म्हणून गेटवर गाड्या उभ्या राहतात, डिस्पॅचवाले ओरडत असतात, तेव्हा शांतपणे बसून एकेक माणूस फोनवर कोण आणत होतं हे त्या प्लांटमधल्या सगळ्यांच्या लक्षात असतं. आत्ता असतं. दिवाळीपर्यंत राहील याची खात्री नाही. त्यामुळे कॉन्ट्रॅक्ट संपायची वाट न बघता याच महिन्यात फायनान्स कंट्रोलर, प्लांट हेड, इंटिग्रेटर कंपनीचा (सिस्टीम बसवून देणारी) डिलिव्हरी मॅनेजर अशा चार-पाच जणांशी स्वतंत्र बोला. ग्रुपमधे मेसेज टाकू नका, चहाला बसा आणि सरळ सांगा की मी जूनअखेर मोकळी होतेय, तुमच्या ओळखीत कुणाकडे ईसीसीवरून (एसएपीची जुनी आवृत्ती) एस फोरवर जायचं चाललं असेल तर माझं नाव सांगा. ऑटो कंपोनंटवाले सगळे एकमेकांना ओळखतात, एका कंपनीतला कंट्रोलर दुसरीकडे गेला की पहिल्या वर्षात तिथेही कसलं तरी सिस्टीमचं काम निघतंच. माझी बहुतेक कामं अशीच आलीयेत, पोर्टलवरून जवळपास काहीच नाही.

लिंक्डइनचं रेकमेंडेशनही आत्ताच लिहून घ्या, आणि "शी इज हार्डवर्किंग" छाप नको. तीन प्लांट, किती युजर, कटओव्हर (जुन्या सिस्टीमवरून नव्यावर जाणं) किती तासांत झाला, पहिला मंथ-एंड (महिन्याचा हिशोब) वेळेत बंद झाला का, हे त्यांच्या शब्दांत यायला हवं. शेवटच्या दिवशी कंपनीचा मेल बंद होतो आणि मग नंबर शोधत बसावं लागतं, म्हणून पर्सनल नंबर आधीच घेऊन ठेवा. फक्त क्लायंटच्या फाइली, टेम्प्लेट वगैरे काही बरोबर आणू नका, कितीही उपयोगाच्या वाटल्या तरी.

मार्केटमधे काम नाहीये असं मला तरी वाटत नाही. एसएपीने ईसीसीचा मेनस्ट्रीम मेंटेनन्स (नेहमीचा सपोर्ट) २०२७ अखेरपर्यंतच ठेवलाय, जादा पैसे भरले तर २०३० पर्यंत, आणि भोसरी चाकण रांजणगाव पट्ट्यात अजून ईसीसीवर बसलेल्या कितीतरी कंपन्या आहेत. त्यांना पीएम लागणारच आहे, प्रश्न एवढाच की त्यांच्यापर्यंत तुमचं नाव कोण नेणार.

एक महत्त्वाचं, व्हेंडरबरोबरच्या ॲग्रीमेंटमधे त्यांच्या क्लायंटकडे थेट काम करायचं नाही असा क्लॉज बघा, सहसा सहा महिने ते वर्षभराचा असतो. काम संपल्यानंतरची अशी बंधनं कोर्टात कितपत टिकतात हा वेगळा विषय (करार कायद्याचं कलम २७), पण त्या वादात पडू नका, व्हेंडरला सांगून लेखी परवानगी घ्या. काम नसलं की ते देतातही.

बेंच_टू_बिलिंग

मी स्टाफिंगमधे आहे, म्हणजे तुम्हाला फोन करणाऱ्यांपैकी एक. काकांचं सगळं पटलं पण पोर्टल अगदीच सोडू नका, फक्त आमच्या बाजूने काय दिसतं ते समजून घ्या. आमच्याकडे रिक्वायरमेंट येते ती "एसएपी एस फोर, पीपी-एमएम-फिको रोलआउट, कटओव्हर, पुणे, तात्काळ" अशी (पीपी, एमएम, फिको हे एसएपीचे उत्पादन, माल आणि हिशोबाचे भाग, रोलआउट म्हणजे सिस्टीम एकेका प्लांटमधे सुरू करणं). सर्चमधे हेच शब्द टाकले जातात. तुमच्या हेडलाइनमधे नुसतं "प्रोजेक्ट मॅनेजर, पीएमपी" असेल तर बांधकामवाल्यांपासून जाहिरातवाल्यांपर्यंत हजारो लोकांत तुम्ही हरवता. "एस फोर हाना रोलआउट आणि कटओव्हर, ऑटो मॅन्युफॅक्चरिंग, १ जुलैपासून उपलब्ध" असं लिहा. तारीख लिहाच, क्लायंट सगळ्यात आधी तेच विचारतो. हिरव्या पट्ट्याचं म्हणाल तर तो न लावता तुम्ही काम शोधताय हे फक्त रिक्रूटरना दिसेल अशी सेटिंग आहे, ती ठेवा.

आणि ही गोष्ट कृपा करून सगळ्यांनीच पाळा, एंड क्लायंटचं (ज्याच्याकडे प्रत्यक्ष काम आहे) नाव कळल्याशिवाय सीव्ही पाठवायला हो म्हणू नका. एकाच जागेसाठी दोन व्हेंडरकडून एकच सीव्ही गेला की क्लायंट डुप्लिकेट म्हणून बरेचदा दोन्ही बाजूला टाकतो, कोण आधी आला या भांडणात त्यांना पडायचं नसतं. चांगली माणसं यात हकनाक बाद होतात, फार वाईट वाटतं बघताना. कुठल्या व्हेंडरला, कुठल्या क्लायंटसाठी, कुठल्या तारखेला, किती रेटवर हो म्हणलं याची एक साधी एक्सेल ठेवा आणि होकार मेलवरच द्या. फोनवर कुणी घाई केली, "मॅडम पाच मिनिटांत प्रोफाइल पाठवायचंय" म्हणाला, तरी मेल मागा.

रेडिंगचा_मराठी

परदेशी क्लायंटबद्दल. मी इंग्लंडमधे कॉन्ट्रॅक्टिंग करतो. इथल्या एजन्सीच्या जाहिराती बघून भारतातून अर्ज करण्यात वेळ घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. पीएम त्यांना आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी ऑफिसात हवा असतो आणि इथे काम करायचा हक्क आहे का हे पहिल्याच फोनला विचारतात. त्यात एप्रिल २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या मध्यम आणि मोठ्या कंपन्यांना आयआर ३५ चा (इथला कराचा नियम) निर्णय स्वतः घ्यावा लागतो, म्हणजे हा माणूस खरोखर स्वतंत्र आहे की नावापुरता कॉन्ट्रॅक्टर आणि कामाने नोकरच, हे क्लायंटनेच ठरवायचं. तेव्हापासून इथल्यांचीच बरीच कॉन्ट्रॅक्ट अंब्रेला कंपनीच्या (कॉन्ट्रॅक्टरला स्वतःकडे नोकर दाखवून पगार देणारी मधली कंपनी) पेरोलवर गेली.

तुमच्यासाठी रस्ता वेगळा आहे. युरोपातल्या ज्या कंपन्यांचे पुण्यात प्लांट आहेत त्यांचा रोलआउट इकडून ठरतो पण तिकडची बाजू सांभाळायला कुणीतरी लागतं, ज्याला जीएसटी कळतो, स्टोअर्सवाल्यांशी मराठीत बोलता येतं आणि संध्याकाळी जर्मन प्रोग्रॅम मॅनेजरला स्टेटसही देता येतो. हे सीव्हीत पहिल्या तीन ओळींत आणा. असं काम थेट मिळालं आणि बिल परदेशी कंपनीला परकीय चलनात जाणार असेल तर ती सेवेची निर्यात धरली जाते. जीएसटी रजिस्ट्रेशन असेल (सेवांना वर्षाला २० लाखांच्या वर लागतं) तर दर आर्थिक वर्षाला एलयूटी (निर्यातीसाठीचं हमीपत्र) भरा म्हणजे टॅक्स न लावता बिल करता येतं. सीएशी आधी बोलून घ्या.

चाकण_पीएम

खूप खूप धन्यवाद, इतकं नीट कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. उद्याच कंट्रोलर साहेबांशी बोलते. अजून एक विचारायचं होतं. एका छोट्या कंपनीने थेट विचारलंय, आठवड्यातून दोन दिवस या, आमचे चालू प्रोजेक्ट रुळावर आणून द्या म्हणतात. पण पेमेंट ९० दिवसांनी आणि रेट मी सांगायचा. असं घ्यावं का, आणि रेट काढायचा कसा?

कटओव्हर_काका

घ्या, दोन दिवसांचं काम हातात असलं की बाकीचे तीन दिवस शोधायला मोकळे राहतात आणि "सध्या काय करताय" याला उत्तर असतं. फक्त दोन म्हणजे दोन दिवस, कुठले ते ठरवून ॲग्रीमेंटमधे लिहा, नाहीतर रोज फोन सुरू होतात.

रेट काढताना वर्षाचे बाराही महिने काम मिळेल असं धरू नका, नऊ महिन्यांचं बिलिंग धरा, त्यात स्वतःचा मेडिक्लेम, पीएफ नसतो त्याची बचत, लॅपटॉप हे सगळं घाला आणि मग दिवसाला भागा. दहा टक्के टीडीएस बहुतेक ठिकाणी आधीच कापला जातो, तो नंतर हिशोबात मिळतो पण महिन्याच्या खर्चाला उपयोगी पडत नाही.

उद्यम_आधी_करा

९० दिवसांना अजिबात हो म्हणू नका. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केलंय का? सरकारी पोर्टलवर फुकट होतं, आधार आणि पॅन लागतं, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद झाली की एमएसएमई कायद्याप्रमाणे (२००६ चा) लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे क्रेडिट ठेवता येत नाही, करारात मुदतच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही आलंय की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल या मुदतीत दिलं नाही तर त्या खर्चाची वजावट कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळते. त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचे अकाउंट्सवाले स्वतःहून विचारतात तुमचं उद्यम आहे का.

भांडायची गरज पडत नाही. कोटेशनवरच उद्यम नंबर छापा आणि पेमेंट टर्म ३० दिवस लिहा. ते ४५ म्हणतील, तिथे थांबा. पहिल्या महिन्याचे पैसे ॲडव्हान्स मागून बघा, छोट्या कंपनीत मालकाशी थेट बोलणं असेल तर बरेचदा देतात. आणि रजिस्ट्रेशन ॲग्रीमेंटवर सही व्हायच्या आधी करा, नंतर केलंत तर आधीच्या बिलांना याचा फायदा मागायला गेलं की अडचण होते.