साध्या डोंगलवर आयनोस्फिअरचा अभ्यास खरंच होतो का?

तरंगवेडा:
माझ्याकडे आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) पडून आहे, विमानांचे सिग्नल बघून बघून कंटाळा आलाय. हॅमसायवाले (हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले आणि शास्त्रज्ञ यांचा गट) लोकांच्या घरचे छोटे रिसीव्हर जोडून वरच्या वातावरणाचा अभ्यास करतात असं वाचलं, पण आयनोस्फिअर (रेडिओ लहरी परत खाली वळवणारे विद्युतभारित थर) कुठे शेकडो किमीवर आणि आपला रिसीव्हर टेबलावर, मग मोजतात तरी नक्की काय? आणि इतके लोक कशाला हवेत, एकच भारी रिसीव्हर पुरत नाही का?

खरखर_ऐकणारा:
फ्रिक्वेन्सी मोजतात. अमेरिकेतलं डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे टाइम स्टेशन (अचूक वेळ सांगणारं रेडिओ केंद्र) 10 मेगाहर्ट्झवरही असतं, अणुघड्याळाला बांधलेलं, त्यामुळे तिकडून सिग्नल एकदम चोख निघतो. तुमच्यापर्यंत येताना तो अर्धा-एक हर्ट्झ सरकला असेल तर ती करामत वाटेतली, ज्या थरावरून तो परत वळला तो थर हलतोय. तिथे वेव्हलेंग्थ 30 मीटर, म्हणजे 1 हर्ट्झ फरक = वाट सेकंदाला 30 मीटरने आखडतेय किंवा लांबतेय. सूर्योदयाला आलेख वर उसळतो, सूर्यास्ताला खाली जातो, पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी तासभर जागचा हललो नव्हतो :)

जुना_हॅम:
वरचं बरोबर, पण डोंगलचं काय ते कोणी बोललंच नाही. चांगला डोंगल घेतला तरी क्रिस्टल साधारण 1 पीपीएमचा (दहा लाखात एक इतकी चूक), म्हणजे 10 मेगाहर्ट्झवर 10 हर्ट्झपर्यंत चूक. मोजायचाय एक हर्ट्झ! खोली तापली की आलेख सरकणार आणि तुम्ही म्हणणार आयनोस्फिअर हललं. म्हणून हॅमसायच्या ग्रेपसारख्या रिसीव्हरला जीपीएसवरून शिस्त लावलेलं घड्याळ असतं. शिवाय साधा डोंगल 24 मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही, डायरेक्ट सॅम्पलिंग (ट्यूनर वगळून सिग्नल थेट घेणं) किंवा अपकन्व्हर्टर (सिग्नल वरच्या फ्रिक्वेन्सीवर नेणारी डबी) लागतो.

आणि एकच का नाही, तर एका स्टेशनला साधारण वाटेच्या मधल्या भागातलंच आकाश कळतं. थरातून लाट गेली तर आलेख डुलतो, पण कुठून आली, किती वेगाने, ते कळायला तीच लाट चार जणांकडे किती वाजता पोचली ते बघावं लागतं. 8 एप्रिल 2024 च्या खग्रास ग्रहणाला सावलीचा परिणाम असाच वेगवेगळ्या वाटांवर टिपला.

तरंगवेडा:
म्हणजे आधी घड्याळ घ्यायचं, आणि तोवर डोंगल कपाटात?

जुना_हॅम:
कपाटात कशाला, डब्ल्यूएसपीआर (हॅम लोकांचे कमी ताकदीचे चाचणी-सिग्नल) ऐका की. दोन-दोन मिनिटांचे स्लॉट असतात, कॉम्प्युटरची वेळ सेकंदभर इकडेतिकडे असली तरी चालतं. डॉपलर (वर सांगितलेलं फ्रिक्वेन्सीचं सरकणं) नाही मिळणार, पण बँड कधी उघडला-मिटला, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर दूरचे सिग्नल कधी येऊ लागले आणि कधी थांबले, ते दिसतं, आणि रिपोर्ट अपलोड केलेत तर ते अभ्यासालाही वापरतात.