व्हिसा नाकारला म्हणजे अर्जदारच निष्काळजी?

पायवाट : ‘कागद नीट लावले की टुरिस्ट व्हिसा मिळतोच. नकार आलेल्या निष्काळजी लोकांनी रडण्यापेक्षा आपल्या चुका शोधाव्यात,’ असं काल दर्यावर्दींनी लिहिलंय. वाचल्यापासून डोकं शांत नाही. मी आणि माझ्या बहिणीने शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, एकाच दिवशी अर्ज केले. विमानं तीच, हॉटेलं तीच, ३०,००० युरोंचा विमा एकाच कंपनीचा. शिल्लक माझ्या खात्यात जास्त. ती विवाहित, मी एकटी. तिला व्हिसा मिळाला आणि मला छापील फॉर्मवर एक खूण : मुदत संपण्याआधी परत जाण्याबद्दल वाजवी शंका. शंका कशावरून आली, त्याची एक ओळ नाही. फीचे ९० युरो गेले ते गेलेच. यात माझी चूक कुठली, ते सांगाच.

दर्यावर्दी : एका उदाहरणावरून नियम ठरत नाही. मी अकरा वेळा अर्ज केलाय, नकार एकदाही नाही. लोकांचं कव्हरिंग लेटर नेटवरून उचललेलं असतं. मुक्काम आठ दिवस फ्रान्समध्ये, दोन दिवस नेदरलँड्समध्ये, आणि अर्ज नेदरलँड्सकडे, का तर तिथली तारीख लवकर मिळते! जिथे जास्त राहणार तिथेच अर्ज, एवढंही पाळायचं नाही आणि वर दूतावासाच्या नावाने बोटं मोडायची.

नकाशावेडी : अकरा वेळा मिळाला कारण पहिल्यांदा मिळाला होता. पासपोर्टवर जुने शिक्के असलेल्याने कोऱ्या पासपोर्टवाल्याला शिकवू नये.

तिसराप्रहर : विषयांतर होतंय, पण डमी तिकिटांबद्दल, म्हणजे फक्त अर्जाला जोडण्यापुरत्या तिकिटांबद्दल, बोला कोणीतरी. एजंटने माझ्या फायलीत जे तिकीट लावलं, त्याचा पीएनआर (बुकिंग नंबर) दुसऱ्या दिवशी उघडेना. मला पत्ताच नव्हता. नकार माझ्या नावावर लागला, एजंट नामानिराळा.

दर्यावर्दी : डमी तिकीट ही सरळ फसवणूक आहे. ब्रिटनच्या अर्जात खोटा कागद सापडला तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. सही तुमची असते, एजंटची नाही.

नकाशावेडी : सरसकट फसवणूक कसं म्हणता? व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढू नका, असं अमेरिका आणि ब्रिटन स्वतःच सांगतात. शेंगेनलाही परतीचं आरक्षण चालतं, पैसे भरलेलंच तिकीट लागतं असं नाही. एअरलाइनने होल्डवर ठेवलेली जागा वेगळी आणि कोणी बसून बनवलेली पीडीएफ वेगळी. मी पूर्ण पैसे भरून तिकिटं काढली होती एकदा. निर्णय साधारण १५ दिवसांत लागतो, माझा लांबत गेला, विमान निघून गेलं. ते पैसे तुम्ही भरून देणार आहात का?

दर्यावर्दी : आवाज चढवू नका. होल्डवरचं आरक्षण खोटं नाही, एवढं मान्य. पण पीएनआर मुलाखतीच्या सकाळी तपासायला दोन मिनिटं लागतात, हे मी सोडणार नाही.

तिसराप्रहर : तपासायला हवा होता. ती चूक माझीच.

जुनाजाणता : तुम्ही कागदांवर भांडताय. अमेरिकेच्या खिडकीवर माझी फाईल उघडलीही गेली नाही. तीन प्रश्न झाले आणि कलम २१४(ब)खाली नकाराचा कागद हातात. तिथला कायदा आधीच धरून चालतो की तुम्ही कायमचे राहायला निघालात. तसं नाही हे तुम्ही पटवायचं. १८५ डॉलर गेले, अपील नाही. पुन्हा जायचं तर पुन्हा फी. नोकरीत तीस वर्षं काढलेला माणूस, मला त्या दिवशी चोरासारखं वाटलं. निष्काळजी म्हणे!

नकाशावेडी : पायवाट, शेंगेनमध्ये अपील करता येतं. ज्या देशाने नाकारलं त्याच्या कायद्याप्रमाणे. नकाराच्या फॉर्मवरच दिलेलं असतं. केलंत का?

पायवाट : नाही. कुठे, कुठल्या भाषेत, किती दिवसांत, हे कळेपर्यंत निघायला चार दिवस उरले होते. बहीण एकटी गेली. ती सहल आम्ही आईच्या साठीनंतरपासून ठरवत होतो.

दर्यावर्दी : वाईट वाटलं. ‘निष्काळजी’ हा शब्द तुमच्यापुरता मागे घेतो. बाकीच्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही.

पायवाट : माझ्यापुरता नको. पोस्टमधूनच काढा.