विंडो या शब्दाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, विंडो या साध्या इंग्रजी शब्दात दोन दिवसांपासून पार अडकलेय, भाषेची आवड असणारं कोणी असेल तर प्लीज मदत करा. हा शब्द स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतल्या विंडाउगा वरून आलाय, पहिला भाग वारा आणि आउगा म्हणजे डोळा, म्हणजे चक्क वाऱ्याचा डोळा! छपराला उजेडासाठी नि धूर जायला भोक ठेवायचे ते डोळ्यासमोर आणा, मग लगेच पटतं. त्याआधी जुन्या इंग्रजीत एगथिरल असा शब्द होता, डोळा अधिक भोक, आणि तेच थिरल आजच्या नॉस्ट्रिलमध्ये (म्हणजे नाकपुडी) लपून बसलंय, हे वाचून तर मी उडालेच. जर्मन फेन्स्टर मात्र लॅटिन फेनेस्त्रावरून, तो वेगळा गोतावळा.

आता खरा प्रश्न. आपल्याकडे गवाक्ष आहे, त्यात अक्ष म्हणजे डोळाच, आणि वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. अक्षि आणि इंग्रजी आय (डोळा) एकाच मुळातले, वात आणि विंड पण, म्हणजे विंडोचे दोन्ही तुकडे आपल्या दोन शब्दांत वाटलेले दिसतात. पण जोडणी दोन्हीकडे स्वतंत्रपणे झाली असावी असं मला वाटतं, तुम्हाला काय वाटतं? स्पॅनिशमधलं व्हेंताना पण वाऱ्यावरूनच आलंय. अजून कुठल्या भाषेत खिडकीला डोळा किंवा वारा म्हणतात का? तमिळ, कन्नड, फारसी जाणणाऱ्यांनी जरूर सांगा, आणि यावर वाचण्यासारखं काही असेल तर तेही सुचवा.