डीडीएस टेक्स्चर परत परत सेव्ह केलं की खराब का होतं?

पिक्सेलवेडा: एका जुन्या गेमसाठी चिलखताचं टेक्स्चर (मॉडेलवर चढवायचं चित्र) रंगवतोय. डीडीएस (गेममधल्या टेक्स्चरची फाइल) उघडायचं, थोडं रंगवायचं, डीएक्सटी५ (एक कम्प्रेशन) मध्ये सेव्ह, गेममध्ये बघायचं, परत तीच फाइल उघडायची असं चाललंय. आता खांद्यावरचा राखाडी कुठे हिरवट तर कुठे गुलाबी दिसतोय, कडांना चौकोनी डाग आलेत, आणि हे जिथे ब्रश टेकवलाही नाही तिथेसुद्धा. क्वालिटी सेटिंग सगळ्यात वर आहे तरी!

रात्रपाळी: सेटिंग वर नेलं तर एनकोडर (कम्प्रेस करणारा प्रोग्राम) जरा जास्त वेळ घेऊन बरे रंग निवडतो एवढंच, फॉरमॅट लॉसीच राहतो, म्हणजे सेव्ह करताना थोडी माहिती जातेच. डीएक्सटी मध्ये ४×४ पिक्सेलचा ब्लॉक असतो, त्या १६ पिक्सेलमध्ये मिळून दोनच रंग साठवतात आणि मधले दोन त्यांच्यातून काढतात, म्हणजे ब्लॉकला ४ रंग, बस. त्यात ते दोन रंग पण १६ बिटांचे, लाल ५, हिरवा ६, निळा ५, त्यामुळे राखाडी नीट बसत नाही आणि ती झाक येते. सेव्ह केलं की सगळेच ब्लॉक नव्याने बनतात, तुम्ही हात लावला असो वा नसो.

मास्टर फाइल लेयरसकट वेगळी ठेवा, डीडीएस फक्त एक्सपोर्ट करायची आणि परत कधीच उघडायची नाही.

पिक्सेलवेडा: पण ओरिजिनलच डीडीएस आहे, गेममधून काढलेली. मग?

रात्रपाळी: मग तीच ताजी काढा, तुमची घासलेली नको. एकदा उघडून टीजीए (काहीही न गमावता साठवणारी, म्हणजे लॉसलेस इमेज फाइल) करा. एकदाचं नुकसान तिच्यात आधीच झालंय, त्याला इलाज नाही.

चौकट४: टीजीए का ते सांगतो, कारण पीएनजी पण लॉसलेसच आहे. काही प्रोग्राम पीएनजी सेव्ह करताना पूर्ण पारदर्शक पिक्सेलखालचा रंग टाकून देतात, आणि बऱ्याच गेममध्ये अल्फा चॅनेल (लाल, हिरवा, निळा सोडून चौथा) पारदर्शकतेसाठी नसतोच, चमक किती ते त्यात असतं. मग जिथे चमक शून्य तिथला रंगच गायब, आणि डोकं खाजवत बसायचं. अल्फा वेगळी ग्रेस्केल फाइल म्हणून ठेवला तर झंझटच नाही.

अजून एक, टेस्ट करताना अनकम्प्रेस्ड ३२ बिट डीडीएस चालतं का बघ. १०२४ च्या टेक्स्चरला मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान लहान प्रती) सोडून ४ एमबी लागतात, डीएक्सटी५ ला १. डाग कम्प्रेशनचे की तुझ्या रंगकामाचे ते लगेच कळेल.

पिक्सेलवेडा: डीएक्सटी५ ऐवजी बीसी७ हे नवं कम्प्रेशन बरं पडेल का?

चौकट४: दिसायला खूपच बरं, साइझही डीएक्सटी५ एवढीच, पण डायरेक्टथ्रीडी (विंडोजमधली ग्राफिक्सची प्रणाली) ११ लागतं. जुना गेम म्हणतोयस म्हणजे बहुतेक ९ असेल, तिथे उघडणारच नाही.