प्रतिसाद: करडाचा स्वेटर आणि आईची नापसंती

स्वेटर घातल्यावर शेळी करडू जवळ घेत नाही, असं वर विचारलंय. बहुतेक वेळा घाई नडते. शेळी करडाला वासावरून ओळखते, म्हणून आधी तिला मनसोक्त चाटू द्या. करडू कोरडं होऊन चीक (व्यायल्यानंतरचं पहिलं दूध) प्यायलं की मगच स्वेटर. ओल्या अंगावर तर नकोच, लोकर भिजून उलट गारवा धरते.

छाती ३६ सेंटिमीटर असेल तर ४ मिमीच्या सुयांवर ६४ टाके, दोन सुलट-दोन उलट, गोल विणा. पायांसाठी दोन्हीकडे ८-८ टाके बंद करून पुढच्या फेरीत पुन्हा घाला. पोटाकडची बाजू पुढच्या पायांमागे लगेच संपवा, फक्त पाठ लांबवा. हे बोकडासाठी फार महत्त्वाचं, नाहीतर स्वेटर लघवीने भिजतो आणि नाळही ओली राहते.

मात्र स्वेटर ऊब टिकवतो, निर्माण करत नाही. गुदद्वारातलं तापमान ३७ अंशांखाली असेल तर स्वेटरवर विसंबू नका, लगेच पशुवैद्यांना बोलवा. चोखण्याची ताकद नसलेल्या करडाला बाटलीही लावू नका, चीक फुप्फुसात जातो. धडधाकट करडाला पहिल्या २४ तासांत किलोमागे साधारण २०० मिली चीक मिळायला हवा.