ओव्हरहॉल झालेलं इंजिन ब्रेक-इन करताना (आतले पार्ट नीट बसेपर्यंतचे सुरुवातीचे तास) तेल कुठलं, पॉवर किती?

फ्लाइंगक्लबवाला: क्लबच्या छोट्या विमानाचं, सेस्ना १७२ एसचं इंजिन (लायकमिंग आयओ-३६०) ओव्हरहॉल होऊन आलंय, मिनरल ऑइल (साधं, अॅडिटिव्ह नसलेलं) भरलंय. मी म्हणतो नवीन आहे तर हळूच चालवू, पण इंजिनियर म्हणतोय ७५ टक्के पॉवर ठेवा. नक्की काय करू? आणि तेल पण जरा जास्तच पितंय.

रिंगमास्टर: इंजिनियरचंच ऐक भाऊ. नवीन बाइकसारखं लाडात नाही चालवायचं हे. पिस्टन रिंग सिलेंडरच्या भिंतीवर दाबून बसायला आतलं प्रेशर लागतं, कमी पॉवरवर फिरवत बसलास तर भिंतीवर तेलाचा चकचकीत थर जळून बसतो, मग रिंग कधीच नीट बसत नाही आणि सिलेंडर काढून परत होन करावे (आतून घासून खरखरीत करावे) लागतात. जमिनीवर उगाच रनअप (उभ्या उभ्या इंजिन रेस करणं) पण नको, थंड व्हायला हवा लागत नाही ना पुरेशी.

जुनाहँगर: +१. सीएचटीवर (सिलेंडर हेडच्या तापमानावर) डोळा ठेव, रिंग बसल्या की तापमान आपोआप खाली येतं आणि तेलाचा खप एका आकड्यावर स्थिर होतो, तीच खूण. मिनरल ऑइल ५० तास किंवा खप स्थिर होईपर्यंत, पण पहिलं तेल २५ तासांतच बदल (परत मिनरलच भर), फिल्टर कापून धातूचे कण बघ. टर्बोवाल्या काही मॉडेलना मात्र सुरुवातीपासून अॅशलेस डिस्पर्संटच (कचरा तरंगत ठेवणारं अॅडिटिव्हवालं तेल), ते वेगळं.

फ्लाइंगक्लबवाला: ओके. मग तेल ८ क्वार्ट (साधारण साडेसात लिटर) फुल्ल ठेवू का?

जुनाहँगर: नको रे, वरचं तेल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) विमानाच्या पोटाखाली फेकतं आणि तुला वाटतं इंजिन पितंय. स्टार्टनंतर ३० सेकंदात ऑइल प्रेशर दिसलं नाही तर मात्र लगेच बंद कर.