जपमाळेवर मोजलेला तिबेट: हेरगिरी की सर्वेक्षण?

घाटवाट
एकोणिसाव्या शतकात तिबेट परकीयांना बंद असताना ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्याने कुमाऊंमधील नैनसिंह रावत यांच्यासारख्या माणसांना वेष पालटून तिकडे धाडले, असे वाचले. पावले मोजून केलेल्या नकाशांवर खात्याने भरवसा कसा ठेवला? आणि या कामाला हेरगिरी म्हणावे की सर्वेक्षण? जाणकारांनी कृपया सांगावे.

ध्रुवमत्स्य
सारा भरवसा पावलांवर नव्हता. सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन माँटगोमेरी यांच्या योजनेनुसार चढ असो, उतार असो, पाऊल एकाच लांबीचे पडावे असा सराव डेहराडूनला करून घेतला जाई. मैलाला साधारण २००० पावले होत. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी असत आणि दर शंभर पावलांना एक मणी ओढला, की एका माळेत सुमारे ५ मैल भरत. दिशा होकायंत्रावरून, उंची पाणी किती तापमानाला उकळते त्यावरून आणि अक्षांश ताऱ्यांच्या वेधांवरून काढत. वेधांसाठी लागणारा पारा कवड्यांत भरून नेलेला असे, तर टिपणांचे कागद प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी गुंडाळलेले असत. पावलांत चूक झालीच, तर अक्षांशाशी पडताळताना ती उघडी पडे. जानेवारी १८६६ मध्ये नैनसिंह ल्हासाला पोहोचले ते याच पद्धतीने.

जुनी बखर
माझ्या मते ही हेरगिरीच होती. वेष खोटा, अहवालात नावाऐवजी सांकेतिक अक्षरे, आणि या साऱ्यामागे रशियाच्या मध्य आशियातील हालचालींची धास्ती. मात्र त्यामुळे कामातील शास्त्र उणे ठरत नाही. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये नैनसिंहांना सुवर्णपदक दिले. अशाच कामावर गेलेले दुसरे सर्वेक्षक किशनसिंह यांना एकदा घोड्यावर बसणे भाग पडले, तेव्हा त्यांनी घोड्याची पावले मोजली!

घाटवाट
दोघांचेही मनःपूर्वक आभार. हाती आलेली माहिती वाया गेल्याचे उदाहरण आहे का?

ध्रुवमत्स्य
आहे, आणि ते चटका लावणारे आहे. तिबेटातील त्सांगपो नदी हीच ब्रह्मपुत्रा का, हे ठरवण्यासाठी खात्याने १८८० मध्ये किंथुप नावाच्या सिक्कीमच्या माणसाला एका लामासोबत पाठवले होते. त्या लामाने त्याला गुलाम म्हणून विकले. तेथून पळून, एका मठाच्या आश्रयाला राहून, त्याने ५०० खुणेचे ओंडके तयार केले आणि ठरल्याप्रमाणे ते रोज पन्नास याप्रमाणे नदीत सोडले. परंतु आगाऊ सूचनेचे त्याचे पत्र वेळेवर पोहोचलेच नाही, त्यामुळे आसामात ओंडक्यांवर नजर ठेवायला कोणीही नव्हते. परतल्यावर या निरक्षर माणसाने आठवणीतून सांगितलेला वृत्तांत अनेकांनी खरा मानला नाही. १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड हे ब्रिटिश अधिकारी त्या खोऱ्यात उतरले, तेव्हा तो बहुतांशी अचूक निघाला.